बूट सर

नांदेडात गणिताचा मास्तर असून ज्याचा क्लास नाही, त्याच्याबद्दल लोक दोनच तर्क करतात. एक, याला गणित येत नसावं. दोन, याच्या डोक्यावर परिणाम झालेला असावा. आमच्या शेजारच्या सरांना गणित उत्तम येतं.

त्यांचे मेहुणे लातूरला असतात. तिथं त्यांचा भौतिकशास्त्राचा क्लास आहे आणि लातूर पॅटर्नच्या कृपेनं ते औसा रोडवर एकदा आणि अंबाजोगाई रोडवर दोनदा, हाताची घडी घालून, होर्डिंगवर उभे आहेत. आमच्या गल्लीतूनही पहाटे साडेपाचला पोरांच्या सायकली क्लासकडं सुटतात. त्याच सुमाराला सर झोपायला जातात. रात्रभर ते काय करत असतात याची गल्लीला उत्सुकता होती. मी बँकेतून निवृत्त झालो, वेळ रिकामा मिळाला, म्हणून चौकशीचं काम आपसूक माझ्याकडं आलं.

‘बूट सर’ हे नाव पोरांनी ठेवलं. त्याचं मूळ असं, की एकदा सर कॉलेजच्या व्हरांड्यात फोनवर कळवळून सांगत होते, “चार महिने झाले, पाय आणून ठेवलाय, पण बूट होईना!” तिथून जाणारा शिपाई थांबला आणि भल्या मनानं म्हणाला, “सर, एक नंबर मोठा घ्या की.”

पाय म्हणजे रास्पबेरी पाय. पत्त्यांच्या जोडाएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर अख्खा कॉम्प्युटर. शाळेतल्या पोरांनी प्रोग्रामिंग शिकावं म्हणून इंग्लंडमध्ये काही लोकांनी तो केला, पस्तीस डॉलरला, आणि विकायला काढला २९ फेब्रुवारी २०१२ ला. ज्याचा वाढदिवसच चार वर्षांतून एकदा येतो त्याच्या पाठीमागं लागलेल्या माणसाला घाई नसणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. या पायाबरोबर लिनक्स तयार मिळतं. मेमरी कार्डावर उतरवा, कार्ड घाला, वायर जोडा, दहा मिनिटांत चालू.

सरांचा आक्षेप नेमका यालाच आहे. “चालूच हाय ते,” ते म्हणतात, “मग आपण काय करायचं?”

चालू असलेल्या गोष्टीवर सरांचं मन बसत नाही. सुरुवातीला त्यांनी ‘प्लॅन नाईन’ नावाची सिस्टीम पायावर आणायचं ठरवलं होतं. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ज्यांनी युनिक्स केलं, त्यांनीच नंतर केलेली ही सिस्टीम. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर सर तिच्याबद्दल बोलू लागले, तेव्हा पंचायत समितीतून निवृत्त झालेले आमचे एक मित्र मध्येच म्हणाले, “नववी योजना? ती २००२ लाच संपली. आम्ही तिचा हिशेब अजून जुळवूलालाव.” पण सरांनी तिचा नाद सोडला तो निराळ्या कारणानं. रिचर्ड मिलर नावाच्या माणसानं २०१२ सालीच ती पायावर चालवून दाखवली होती, असं त्यांना समजलं. दोन दिवस सर जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “हायकू. हायकू अजून कुणाला जमलं न्हाई.”

हायकूची कहाणी सर पानिपताच्या आवेशात सांगतात. ॲपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गासे या फ्रेंच माणसानं ‘बी’ नावाची कंपनी काढली. तिची बीओएस ही सिस्टीम इतकी चपळ, की त्या काळच्या कॉम्प्युटरवर चार-चार व्हिडिओ एकदम चालायचे आणि एकही अडखळायचा नाही. १९९६ मध्ये ॲपलला नवी सिस्टीम हवी होती आणि गासेचा सौदा जवळजवळ ठरला होता. इथं सर चहाचा कप खाली ठेवतात. गासेनं किंमत ताणली. ॲपलनं नेक्स्ट ही कंपनी घेतली आणि तिच्याबरोबर स्टीव्ह जॉब्ज परत आला. पुढं २००१ मध्ये बी कंपनीची तंत्रज्ञानाची मत्ता पाम या कंपनीनं एक कोटी दहा लाख डॉलरला उचलली. “कवडीमोल!” सर म्हणतात. एक कोटी दहा लाख डॉलर कवडीमोल म्हणणारा हा माणूस दहाव्या-बाराव्या दिवशी माझ्याकडून पेट्रोलला दोनशे रुपये नेतो.

त्याच वर्षी बीओएसवर जीव असलेल्या काही लोकांनी ती सिस्टीम पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला घेतली, फुकटात, फावल्या वेळात. २००४ मध्ये तिचं नाव हायकू ठेवलं. पहिली बीटा आवृत्ती आली २०१८ मध्ये. सतरा वर्षं! हे सांगताना सरांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते मी फक्त वारीहून परतलेल्या माणसांच्या तोंडावर पाहिलंय. पण ही हायकू चालते ती साध्या पीसीच्या प्रोसेसरवर. पायाचा प्रोसेसर एआरएम जातीचा. त्यावर ती नेण्याचं काम जगभर कुणी ना कुणी काढतं आणि अर्ध्यात टाकतं. सरांनी ते २०१४ च्या दिवाळीत काढलं आणि, त्यांच्या शब्दांत, अजून टाकलेलं नाही.

हायकू हे नाव गावात पसरल्यावर एक गोंधळ झाला. आमच्या ओळखीचे मराठीचे एक प्राध्यापक सरांना रस्त्यात गाठून म्हणाले, “तुम्ही हायकूवर काम करता असं कळलं. आणि पैंवर!” सर आनंदले. “पायवर, हो.” प्राध्यापक गहिवरले. मराठीत हायकू आणली ती अत्र्यांची मुलगी शिरीष पै यांनी. गणिताचा माणूस त्यांचा अभ्यास करतो म्हटल्यावर कुणालाही भरून येईल. झालं, पुढच्या रविवारी एका साहित्य मंडळात ‘हायकू आणि पै’ या विषयावर सरांचं व्याख्यान ठरलं.

मी त्या व्याख्यानाला होतो. सर चाळीस मिनिटं सिरीयल पोर्टवर बोलले. श्रोते मान डोलवत राहिले, कारण न कळणाऱ्या व्याख्यानात मान डोलवायची सवय आपल्याकडं जुनी आहे. शेवटी सर म्हणाले, बीओएसच्या ब्राउझरमध्ये काही बिघडलं की संदेशसुद्धा हायकूतच यायचा. हे अगदी खरं आहे, त्यावरूनच नवं नाव पडलं. आणि मग त्यांनी आदल्या रात्री आपल्या पायानं दिलेला बिघाडाचा संदेश श्रोत्यांसाठी मराठीत करून वाचला:

“पान मिळेना.
हाक दिली, ओ नाही.
इथंच थांबलो.”

“वा!” मागच्या रांगेतून दाद आली. एका कवीनं वहीत उतरवून घेतलं. सर गोंधळून म्हणाले, “न्हाई, न्हाई, हे चांगलं न्हाई. हे अजून दुरुस्त करायचंय.” त्यावर अध्यक्ष भाषणात म्हणाले, स्वतःच्या निर्मितीबद्दलचा असा असमाधानीपणा आजकालच्या कवींत दिसत नाही.

आता पायात बूट का होत नाही, ते मला समजलं तेवढं सांगतो. लाइट दिली की कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर जागा होतो, असा माझा समज. पायात तसं नाही. मुख्य प्रोसेसर झोपलेला असतो. आधी जागा होतो तो चित्रं काढणारा भाग, ज्याला जीपीयू म्हणतात. तो कार्ड वाचतो, सगळी मांडामांड करतो आणि मग मुख्य प्रोसेसरला उठवून सांगतो, की इथून सुरू कर. “सरपंचपती!” मी म्हणालो. “सही बाईची, कारभार नवऱ्याचा.” सरांना ही उपमा इतकी आवडली, की तेव्हापासून ते जीपीयूला पतीच म्हणतात. “पतीला कार्ड सापडंना,” असं ते वहिनींसमोरही बोलून जातात.

पतीला कार्डावर कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, सापडला नाही, तर पायावरचा हिरवा दिवा सात वेळा लुकलुकतो. सर अंधारात बसून बोटांवर मोजतात. पाच, सहा, सात. मग कार्ड काढायचं, लॅपटॉपला लावायचं, एक ओळ बदलायची, पुन्हा लिहायचं, पुन्हा पायात घालायचं. एका रात्रीत चाळीस वेळा तरी. “सात फेरे माझ्यासंगं घेतले एकदा,” वहिनी म्हणतात, “आता रोज रात्री दिव्यासंगं घेऊलालेत.” कार्डं घालून-काढून झिजतात. वजिराबादेतला मोबाइलवाला त्यांना पाहिलं की डबा पुढं करतो. “सर, इत्ते कार्डां कैकू लगते जी?” त्याला वाटतं सरांचं लग्नाच्या शूटिंगचं काम आहे.

पडद्यावर पहिल्यांदा काही दिसलं तो दिवस मात्र गल्लीनं साजरा केला. सरांनी अख्खा पडदा भगवा रंगवायची आज्ञा दिली आणि तो रंगला निळा. लाल आणि निळ्याची जागा उलटसुलट झाली, की केशरीचा आकाशी होतो. पायावर हा घोटाळा नेहमीचा. सर दारात येऊन ओरडले, “भगवा टाकला की निळा होऊलालाय!” वहिनींनी त्यांना आत ओढून दार लावलं. निवडणुका जवळ आल्या होत्या.

आणि ड्रायव्हर. पायावर कीबोर्ड लागतो युएसबीला. युएसबी चालायला ड्रायव्हर लागतो. पायाच्या चिपची माहिती कंपनीनं दोनशे पाच पानांत छापली आहे. त्यात युएसबीला शेवटची काही पानं मिळाली आहेत आणि त्यांचा मथितार्थ असा, की खरी माहिती दुसऱ्या कंपनीकडं आहे आणि ती मिळणार नाही. त्यामुळं सरांची हायकू पडद्यापर्यंत येते, पण तिच्याशी बोलता येत नाही. बोलायचं तर शेजारी दुसरा धडधाकट कॉम्प्युटर ठेवून तीन तारांनी जोडावा लागतो. सरांची आई, सगळे तिला माय म्हणतात, ओसरीवर बसून हे रोज ऐकते. “ड्रायव्हर न्हाई म्हणून अडलंय सगळं.” एका सकाळी सरांच्या दारात काळीपिवळी जीप उभी. मायनं लोह्याच्या तिच्या भाच्याला निरोप धाडला होता. तो म्हणाला, “मावशी म्हनली ड्रायव्हर पायजे. कुठं जायचंय, सर?”

सरांनी त्याला बसवून चहा पाजला आणि दीड तास समजावून सांगितलं. तो बिचारा भाडं बुडवून ऐकत बसला. जाताना मला म्हणाला, “शिकलेला मानूस हाय, पर गाडी दिसली न्हाई कुठं.”

मे २०१६. दुपारपासून गुदमरत होतं, रात्री वळवाचा वारा सुटला आणि लाइट गेली. सर मोबाइलच्या उजेडात तारा जोडत होते. पायाच्या कडेला दोन रांगांत टोचण्या असतात. त्यातल्या एका रांगेत पाच व्होल्टच्या दोन, मग जमीन, मग बोलायची, मग ऐकायची. बोलायच्या-ऐकायच्या टोचणीला सव्वातीन-साडेतीन व्होल्टच्या वर सोसत नाही. लाल तार घरं चुकून पुढं बसली. लाइट आली आणि पाय गेला.

ही बातमी समजू शकेल असं सासुरवाडीत एकच माणूस होतं, लातूरचा भाचा. सरांनी त्याला मेसेज केला: “रात्री लाइट आली. पाय गेला. जळून काळा पडलाय. नवीन बसवावा लागेल.” पण भाच्याचं बारावीचं वर्ष. लातुरात बारावीचं वर्ष म्हणजे पोराचा फोन आजीच्या कमरेच्या पिशवीत असतो. मेसेज आजीनं वाचून घेतला.

पहाटे मेहुण्यांची गाडी अहमदपूर, लोहा करत नांदेडात शिरली. गाडीत मेहुणे, त्यांची पत्नी, सासूबाई, नारळपाण्याची अर्धा डझन शहाळी, औशाच्या कुठल्याशा हाडवैद्याच्या तेलाची बाटली आणि घडी होणारी एक कुबडी. दार सरांनीच उघडलं. सासूबाईंनी आधी हंबरडा फोडला, मग खाली पाहिलं, मग वर पाहिलं, मग परत खाली.

“दोनी हायेत की!”

“दुसरा आतमधी हाय,” सर म्हणाले. “जळालेला. दाखवू का?”

मेहुण्यांची पत्नी भिंतीला टेकली.

सगळा उलगडा झाल्यावर मेहुणे जे बोलले ते त्यांच्या होर्डिंगवरच्या प्रतिमेला शोभणारं नव्हतं. शहाळी फोडली गेली, ती मीही प्यालो. जरा शांत झाल्यावर मेहुण्यांनी धंद्याच्या माणसाचा प्रश्न विचारला.

“दाजी, समजा जमलं तुमचं हे. मग पडद्यावर येतंय काय?”

“प्रॉम्प्ट.”

“म्हंजे?”

“एक बारका चौकोन. लुकलुकतो.”

“लुकलुकून काय करतो?”

“आपली वाट बघतो.”

मेहुणे बराच वेळ नारळाच्या आत बघत राहिले. “आमच्याकडं एका बॅचला साठ पोरं हायेत,” ते हळूच म्हणाले. “तीबी वाट बघतात. फी भरून.”

“पण पोर्ट करायचं म्हंजे नेमकं करतेत काय?” हे मेहुण्यांच्या पत्नीनं विचारलं, आणि सरांनी तिला दिलेलं उत्तर हे त्यांच्या आयुष्यातलं एकमेव सुबोध उत्तर असावं. त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली होती. दहा डबे, पाच लाख लिटर, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. “पाणी कुणाचं? कृष्णेचं,” सर म्हणाले. “डबे रेल्वेचे, ते आधी कोट्याला नेऊन वाफेनं धुवून घेतले. मिरजेत भरायचे ते त्यांच्या पाइपानं. तुमच्याकडं उतरवायचं स्टेशनजवळच्या विहिरीत, तुमच्या पाइपानं. आता पाणी तेच हाय, त्यात काई बदल केला का? न्हाई. मग अडचण कशाची? प्रत्येक ठिकाणी पाइपाची तोंडं वेगळी. ती जुळवत बसायची. मी तोंडं जुळवतो.”

सासूबाईंना हे पटलं. पाण्याची गाडी बघायला त्या स्वतः स्टेशनावर गेल्या होत्या. “पर बाबा,” त्या म्हणाल्या, “आमाला तान लागली होती. तुज्या हायकूची तान कुनाला लागली?”

सर गप्प झाले. तसे ते गप्प झालेले मी दोनदाच पाहिले, एकदा हे आणि एकदा मिलरच्या वेळी.

नवा पाय वहिनींनी घेऊन दिला. भिशीचे पैसे. मला वाटलं होतं त्या आता बोळ्यानं दूध पाजणं बंद करतील. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “भाऊजी, गल्लीतल्या बाकीच्यांचे नवरे रात्री कुठं असतात ते मला म्हाईत हाय. ह्यांचा दिवा मला सैपाकघरातून दिसतो.”

हायकू सुरू होताना पडद्यावर चित्रांची एक ओळ येते. फिकी चित्रं, एकेक उजळत जातं आणि शेवटचं असतं रॉकेट. रॉकेट उजळलं की सिस्टीम चालू. मध्ये कुठं ठेचकाळली तर चित्रं जातात आणि नुसत्या अक्षरांत स्वागत होतं: कर्नल डिबगिंग लँड. या मुलुखात सर नऊ-दहा वर्षं राहून आहेत. रेशन कार्ड तेवढं तिथलं नाही.

एका रात्री अडीचला माझ्या खिडकीवर टकटक झाली. “लवकर या. साक्षीदार पायजे.” मी लुंगीवर गेलो. ओळ आली. पहिलं चित्र उजळलं. दुसरं उजळलं. सरांनी माझं मनगट धरलं. तिसरं उजळलं, खरंच उजळलं, मी कोर्टात सांगायला तयार आहे. मग नुसती अक्षरं. सर खुर्चीवर मागं रेलले आणि अगदी हळू म्हणाले, “तिसरं. बगितलाव ना?” मी म्हणालो, बघितलं. पुन्हा लावा. पुन्हा लावलं तर दुसऱ्यावरच थांबलं. मग पहाटेपर्यंत पंचवीस वेळा लावलं, ते दुसऱ्याच्या पुढं काही गेलं नाही. बाहेर सायकली सुटल्या. तिसऱ्या चित्राचा जगात मी एकटा साक्षीदार आहे, आणि त्यामुळं सरांच्या घरी मला कधीही चहा मिळतो.

२०२४ च्या भाऊबिजेला मेहुणे लातूरहून आले. आता त्यांचा राग गेला आहे. होर्डिंगवर त्यांच्या शेजारी भाचा उभा राहतो. ओवाळणीच्या ताटात त्यांनी बहिणीसाठी साडी ठेवली आणि साडीवर एक लहानसा खोका. “दाजींसाठी,” ते म्हणाले. “दुकानदाराला म्हनलं, सगळ्यात भारी दे. पाय पाच. आता लवकर उरका.”

सरांनी खोका उघडला. पट्टी हातात घेतली, चष्मा वर केला, डोळ्यांजवळ नेली. आत जाऊन लॅपटॉपवर काहीतरी वाचत बसले. आम्ही बाहेर चकल्या खात होतो. बऱ्याच वेळानं ते दारात आले. मुख्य चिप नवी. युएसबी, टोचण्या, सगळं उचलून आरपीवन नावाच्या दुसऱ्याच चिपमध्ये नेलंय. जुनं म्हणून काही उपयोगी पडेल असं दिसत नव्हतं. दहा वर्षांची तोंडं जुळवलेली, ती एका खोक्यात वाया गेली. मेहुण्यांचा हात चकलीवर थांबला. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं.

सरांच्या चेहऱ्यावर तर हसू होतं, नवरदेवासारखं.

ओसरीवरून मायनं विचारलं, “का रे, आता तरी बूट हुतोय का?”

“माय, ह्यो पाय नवा हाय,” सर खोक्यातली वायर सोडवत म्हणाले. “जुना बूट ह्याला कसा हुईल?”